टाकीची उजवी बाजू

थिनरचा वास सुरुवातीला गोड असतो, अति पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा. डब्याचं झाकण उघडलं की तो आधी नाकात शिरतो, मग कपाळामागे जाऊन बसतो, आणि तासाभरानं तिथं एक बारीक ठणका सुरू होतो. घाटकोपरला आग्रा रोडच्या कडेला रहीमभाईंची पत्र्याची शेड आहे. तिथं घालवलेल्या माझ्या साऱ्या दुपारी मला त्या गोडव्याच्या आणि त्या ठणक्याच्या मध्ये कुठंतरी टांगलेल्या आठवतात. वारा फिरला की देवनारच्या कचऱ्याचा जळका दर्प शेडमध्ये यायचा, त्यामागून खाडीची ओल यायची, आणि माझा थोरला भाऊ हातातली रंग फवारायची गन खाली ठेवून आभाळाकडे असा पाहायचा, की जणू कुणी मुद्दाम त्याच्या रंगात थुंकलं आहे. ओलसर हवेत मारलेल्या रंगावर पांढुरकी साय धरते आणि सगळं काम पुन्हा घासावं लागतं. घासायला मी होतोच. तरी त्याचा राग माझ्यावर नसून हवेवर असायचा, आणि हवेवरचा राग संपला की मग तो माझ्याकडे वळायचा.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. बाबांना गिरणीतल्या कापसानं खोकला दिला आणि ते कायमचे गावी, मालवणकडे, निघून गेले, त्या वर्षी दादा सातवी पास झाला होता. त्याच्या वेळी आमच्या शाळेत इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. म्हणजे दादा इंग्रजीच्या उंबरठ्यापर्यंत गेला आणि तिथूनच माघारी वळून रहीमभाईंच्या शेडमध्ये शिरला. हे मी आज लिहितो आहे तेव्हा मला त्यातली क्रूरता दिसते; त्या वेळी मला फक्त दादाची क्रूरता दिसत होती. मी इंटर आर्ट्सला होतो. सकाळी मुलुंडला कॉलेज आणि दुपारी शेड, असा त्यानंच घालून दिलेला नियम होता. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि ते शक्य झालं दादाच्या बोटांवरच्या, रॉकेलनं चोळूनही न निघणाऱ्या रंगांमुळे. हे तो कधी बोलून दाखवत नसे. तो फक्त मला 'सायेब' म्हणायचा. "सायेब, जरा घासायचा वॉटर पेपर भिजवा." "सायेबांना ऊन लागतंय, सरका रे." चार माणसांत हे ऐकताना माझे कान तापत, आणि मी मनातल्या मनात त्याच्यासाठी इंग्रजी शब्द शोधत बसे, त्याला समजणार नाहीत असे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी करंदीकर वकिलांची मोटारसायकल शेडमध्ये आली. आली म्हणजे तिचे तुकडे आले. कुर्ल्याच्या भंगारातून वकिलांनी एका लढाईच्या काळातल्या गाडीचा सांगाडा मिळवला होता, इंजिन दुसरीचं होतं, पुढचं चाक धरणारा चिमटा तिसरीचा. मडगार्ड गंजून चाळणीसारखे झालेले, आणि पेट्रोलची टाकी नव्हतीच. ती रहीमभाईंनी साध्या पत्र्यातून घडवली. वाळूनं भरलेल्या कातडी पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीनं ते त्याला दिवसचे दिवस हलके हलके ठोकत राहिले, आणि तो सपाट, निर्जीव पत्रा हळूहळू फुगून मांजराच्या पाठीसारखा बाकदार होत गेला. दोन अर्धुकं तयार झाल्यावर गॅसच्या निळ्या ज्योतीनं त्यांची शिवण जोडली, आत पाणी भरून एक रात्र ठेवलं, आणि सकाळी खाली जमिनीवर एकही थेंब नाही हे पाहून रहीमभाईंनी नुसती मान हलवली. त्या ज्योतीनंच त्यांचे डोळे अधू केले होते. रंगाचं सगळं काम आता दादाच्या हवाली करावं असं त्यांच्या मनात होतं, आणि एके दिवशी टाकी दादाच्या हातात देताना ते सर्वांसमक्ष म्हणाले, "वसंता, इस टंकी पे वकीलसाब खुश हो गए, तो बोर्ड पे मेरे नाम के नीचे तेरा नाम."

दादानं टाकी उजेडाकडे धरून फिरवून पाहिली. पण संध्याकाळी त्यानं ते आईला सांगितलं असावं, कारण मी अभ्यासाला बसलो होतो आणि आई भाकरी थापता थापता स्वतःशीच म्हणत होती, "वसंताचा नाव पाटयेर लागतला." बारा वर्षं दुसऱ्याच्या पाटीखाली काम केलेल्या माणसाला पाटीवरचं आपलं नाव केवढं दिसत असेल, हे मला तेव्हा उमगायला हवं होतं.

मडगार्डांपासून आमचं बिनसलं. मडगार्डाच्या कडेला सोनेरी पट्टा येणार होता, आणि गन मारताना पट्ट्याची जागा कोरी राहावी म्हणून तिच्यावर कागद चिकटवावा लागतो. त्या दिवशी मी कॉलेजातून थेट शेडमध्ये आलो होतो, पिशवी खिळ्याला अडकवून पाणी आणायला गेलो होतो. परत येऊन पाहतो, तर मडगार्डावर माझं अक्षर. तीनदा लिहून, तीनदा परत मिळून, चौथ्यांदा स्वच्छ उतरवलेलं ते माझं इंग्रजीचं ट्युटोरियल होतं. मधल्या पानाच्या अर्ध्या भागावर मरून रंगाची चंद्रकोर उमटली होती, आणि तिच्याखाली माझी वाक्यं ओली होऊन पसरत चालली होती.

"हे काय केलंस?"

"काय केलं? कागद लावला."

"माझं ट्युटोरियल आहे हे!"

"मग वर लिहायचं ना, सायेबांचं आहे म्हणून."

"लिहिलंय. पहिल्याच ओळीत नाव लिहिलंय माझं. तुला वाचता येतं का?"

रहीमभाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते पत्र्याकडे पाहू लागले. दादानं चिकटपट्टी एका टोकाला धरून अगदी सावकाश, कागद फाटू नये अशा हातानं सोडवली, आणि ते तीन कागद माझ्यापुढे धरले. "घे," तो म्हणाला, "वाच."

त्यानंतर आम्ही बोललो नाही. एका खोलीत राहून, एका ताटापलीकडे दुसरं ताट मांडून, एका शेडमध्ये एका टाकीच्या दोन बाजूंना बसून न बोलणं हे मोठं कष्टाचं काम असतं. "आई, त्याला सांग, उद्या टाकीच्या खड्ड्यांत लांबी भरायची आहे, लवकर ये म्हणावं." "आई, त्याला सांग, येतो." असे आमचे निरोप चालत. आई चार दिवस ते पोचवत राहिली आणि पाचव्या दिवशी भडकली. "मी काय पोस्टमन आसंय रे मेल्यांनो? तुमका तोंडां नाय?" तोंडं होती, ती आम्ही एकमेकांसाठी उघडत नव्हतो, इतकंच. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत असे, शेडमागच्या टेकडीवरचं गवत पिवळं पडून वाऱ्यात कोरडं सळसळत असे, आणि मी लांबीचं लुकण भरून वाळलेली ती टाकी पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरनं घासत असे, तासन् तास, बोटांची टोकं गुळगुळीत होऊन त्यांना काही जाणवेनासं होईपर्यंत. वैर माणसाला किती काटेकोर कामगार बनवतं, हे मी त्या दिवसांत शिकलो. त्याला बोट ठेवायला जागा मिळू नये म्हणून मी खड्डा शिल्लक ठेवत नव्हतो, आणि मला हसायला जागा मिळू नये म्हणून तो रंगाचा एक ओघळ येऊ देत नव्हता. टाकी अशी झाली, की तिच्या मरून पोटात शेडचं छप्पर, दार, रस्त्यावरून जाणारा ट्रक, सगळं वाकून दिसे.

टाकीच्या दोन्ही अंगांना एकेक सोनेरी पंख काढायचा होता. पुढे रुंद, आणि बसणाऱ्याच्या गुडघ्याकडे निमुळता होत जाणारा. पंखाच्या पोटात वकिलांच्या पत्नीचं नाव, कालिंदी, इंग्रजी लपेटीच्या अक्षरांत, पहिलं अक्षर ठसठशीत आणि पुढची पंखाबरोबर लहान लहान होत गेलेली. वकिलांनी ते स्वतःच्या हातानं कागदावर लिहून दिलं होतं. दादानं ते मोठं करून त्याचा खाका केला, म्हणजे रेघेरेघेवर सुईनं जवळजवळ भोकं पाडली. हा कागद टाकीवर ठेवून वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटली की खाली पांढऱ्या ठिपक्यांत सगळी आकृती उतरते, आणि मग खारीच्या केसांच्या बारीक ब्रशानं त्या ठिपक्यांवरून सोनेरी रेघ फिरवायची. एरवी दादानं मला एकदा तरी विचारलं असतं, "हे बरोबर लिहिलंय ना रे?" प्रत्येक पाटीच्या वेळी विचारायचा. या वेळी आमचं बोलणंच नव्हतं.

दादाच्या कामाचा एक कायदा होता. डावी बाजू झाली की खाका पालथा घालायचा आणि उजवी बाजू त्यावरून करायची. मग समोर आरसा धरून पाहायचं. उजवीचं प्रतिबिंब आणि डावी यांत केसाचाही फरक दिसला, तर काम मोडायचं. मडगार्ड, चिमट्याची नक्षी, पंख, सगळं त्यानं याच कायद्यानं केलं होतं आणि ते सगळं निर्दोष होतं. त्या सोमवारी संध्याकाळी मी पाण्याची बादली घेऊन टाकीच्या उजव्या अंगाला आलो तेव्हा तो दारातल्या उजेडात आरसा धरून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी एक निवांत भाव होता. पश्चिमेचं तिरपं ऊन टाकीवर पडलं होतं. सोनं अजून ओलं होतं, त्यामुळे ते जिवंत वाटत होतं.

आणि मी वाचायला गेलो. मला वाचता येईना. क्षणभर वाटलं, उन्हानं डोळे दिपले. मग दिसलं, की पहिला 'के' माझ्याकडे पाठ करून उभा आहे, त्याच्यामागची सगळी अक्षरं उजवीकडून डावीकडे चालली आहेत, आणि वकिलांच्या पत्नीचं नाव फक्त दादाच्या हातातल्या आरशात सुलटं आहे.

माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते मला लपवता येणार नाही. मला आनंद झाला. 'तुला वाचता येतं का?' या माझ्या प्रश्नाला खुद्द टाकीनं उत्तर दिलं होतं, आणि तेही सोन्याच्या अक्षरांत. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ, खरंच सांगतो, माझे ओठ उघडले होते. 'दादा' एवढा शब्द तोंडाशी आला होता. तेवढ्यात तो माझ्याकडे न पाहता रहीमभाईंना म्हणाला, "त्याला म्हणावं, हात लावू नको. ओलं आहे."

मी ओठ मिटले. ओलं होतं, म्हणजे टर्पेंटाइनच्या एका चिंधीनं ते पुसता आलं असतं, खालच्या रंगाला ओरखडाही न येता. मंगळवारपर्यंत पुसता आलं असतं. बुधवारी दादानं वरून वॉर्निशचा पहिला हात दिला. गुरुवारी दुसऱ्या हाताआधी ती बाजू घासून घ्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी त्या पाठमोऱ्या अक्षरांवर पाणी सोडून भिजला कागद गोल गोल फिरवत राहिलो. आज सांगू, असं रोज वाटे. आणि आज सांगितलं तर काल का नाही, या प्रश्नाला उत्तर नसे. वॉर्निशचे तीन हात चढले. एकेका थराखाली माझं मौनही पक्कं होत गेलं.

रविवारी सकाळी वकील आले. गाडी दारात उभी होती, डावी बाजू रस्त्याकडे. ते लांबूनच थबकले. "झकास!" ते म्हणाले. "अहो वसंतराव, झकास काम!" दादाला कुणी राव म्हटलेलं मी प्रथमच ऐकत होतो. रहीमभाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. वकील पंखावरून बोट फिरवत, मडगार्डाकडे वाकत, चाकाला वळसा घालून उजव्या बाजूला आले, आणि हसू लागले.

"हे काय हो? माझ्या बायकोला उलटं टांगलंत की!"

दादाला कळलं नाही. तो जवळ गेला. उजवीकडे पाहिलं, वळसा घालून डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे आला. "सारखंच आहे साहेब," तो म्हणाला. "दोन्ही बाजू सारख्याच आहेत. आरसा लावून बघा."

"अहो, तेच तर! अक्षर आहे ते, वेलबुट्टी नाही."

"वकीलसाब," रहीमभाई घाईनं म्हणाले, "अपने हिसाब से तो यही साइड सीधी है. हम लोग उर्दू में इधर से ही पढ़ते हैं." पण वकील आता हसत नव्हते. त्यांची नजर माझ्यावर आली. "हा तुमचा भाऊ ना, कॉलेजातला? का रे, तुला दिसलं नाही?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

दुपारी तो ती बाजू खरवडायला बसला. मी न सांगता दुसरं पातं घेऊन शेजारी बसलो. वॉर्निश वळकट्या होऊन निघत होतं, त्यात सोन्याचे कण. अर्धी अक्षरं निघाल्यावर तो पात्याकडे पाहत म्हणाला, "सोमवारी ओलं होतं."

"हो."

"गुरुवारी तू या बाजूला घासत होतास."

"हो."

"बरं," तो म्हणाला. यापलीकडे त्या विषयावर तो आजवर एक शब्द बोललेला नाही. तो ओरडला असता, त्यानं माझ्या थोबाडीत मारली असती, तर मला बरं वाटलं असतं; आणि म्हणूनच त्यानं तसं केलं नसावं.

रंगाचे थर पुन्हा चढले. मी एका कागदावर नाव सुलटं काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते पंखावर धरून पाहिलं. "मोठं अक्षर शेपटाकडे येतं," तो कागदाला सांगावं तसा म्हणाला. "पंख मोडतो." वकिलांना त्यानं निरोप धाडला, की नाव डाव्या अंगाला राहील, उजवीकडे नुसता पंख. वकिलांनी कुरकुर करून ते मानलं, गाडी नेली, पुन्हा शेडकडे फिरकले नाहीत. रहीमभाई "बोर्ड का बाद में देखेंगे" म्हणाले. त्यांनी ते दादाला थेट नाही म्हणवेना म्हणून म्हटलं, की वकिलांच्या नाराजीपोटी, कुणास ठाऊक. आईनं पाटीबद्दल पुन्हा विचारलं नाही. शेडवर अजूनही एकच नाव आहे.

आमचं बोलणं मात्र सुरू झालं, आणि ते न बोलण्याहून वाईट होतं. गन मारण्याआधी चिकटवायचा प्रत्येक कागद दादा आता माझ्याकडे आणू लागला. सारी शेड ऐकेल अशा आवाजात तो म्हणायचा, "सायेब, हा चालेल का? वाचून सांगा. नाहीतर उद्या कुणाचं काय निघायचं." वर्तमानपत्राचा तुकडा, साबणाचं वेष्टन, बिस्किटाच्या पुड्यावरचा कागद, औषधाच्या खोक्यातली बारीक छपाईची घडी. मी ते मोठ्यानं वाचायचो, इंग्रजी असेल तर इंग्रजी, मग त्याचा अर्थ सांगायचो, आणि तो कमरेवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकायचा. लोक हसायचे. कधी कधी हातातलं काम थांबवून तो मला अर्धं पान वाचायला लावी. मी वाचे. नाही म्हणण्याचा हक्क मी सोमवारच्या संध्याकाळीच घालवला होता. थंडीचे दिवस आले, टेकडीवरून सकाळचं धुकं शेडच्या दारापर्यंत उतरू लागलं, परीक्षा येऊन गेली, त्यावर आणखी दोन वर्षं गेली, तरी हा खेळ थांबला नाही.

परवा मी आग्रा रोडवर उभा असताना ती गाडी माझ्यासमोरून गेली, उजवी बाजू माझ्याकडे. पंख उन्हात चमकला. त्याच्या पोटातली मरून जागा रिकामी, तळ्यासारखी शांत होती. तिथं काय होतं हे रस्त्यावरच्या कुणालाच वाचता येण्यासारखं नव्हतं. मला ते अजून येतं, उजवीकडून डावीकडे.

त्याच दुपारी शेडमध्ये दादानं माझ्यापुढे एक कागद धरला. कसल्याशा यंत्राबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपत्रक, चित्र नाही, नुसती छपाई. "सायेब, हा चालेल का?" तोच आवाज, तीच धार. मी सवयीनं हात पुढे केला, सवयीनं कागद फिरवायला गेलो, आणि थांबलो. त्या पहिल्या महिन्यांत तो देईल तो इंग्रजी कागद मला निम्म्या वेळा फिरवून घ्यावा लागे; त्याला त्याचं वरखाली कळत नसे. हे शेवटचं कधी करावं लागलं ते मी आठवू लागलो, आणि आठवेना. वर पाहिलं तर तो माझ्याकडे पाहत नव्हता. त्याची नजर कागदाच्या पहिल्या ओळीवर होती आणि ओठ अगदी किंचित, थिनरच्या वासानं सुकल्यासारखे, हलत होते.

"वाचा ना सायेब," तो म्हणाला.

कागद सुलटा होता. मी पहिल्या शब्दापासून सुरुवात केली, नेहमीपेक्षा थोडं सावकाश.